व्यवसायोपचार सहाय्यकाचे शिक्षण

आपल्या विश्वस्त निधीच्या शिक्षण शाखेकडे दरवर्षी जे अर्ज येतात, ते चाळताना एक गोष्ट हटकून नजरेस येते. रुग्णसेवेच्या क्षेत्रात शिरू इच्छिणाऱ्या मुलामुलींपुढे डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेता एवढ्याच तीन वाटा असतात. फार तर चौथी फिजिओथेरपीची. रुग्णालयाच्या एका छपराखाली आणखी किती प्रकारची शिकलेली माणसे राबत असतात, याची घरच्या वडीलधाऱ्यांसच कल्पना नसते, तर मुलांस ती कोठून असणार? म्हणून या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने अशा एका कमी परिचित व्यवसायाची ओळख आम्ही करून देत आहोत. इंग्रजीत त्यास ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, मराठीत व्यवसायोपचार. आणि त्यातही सहाय्यकाचे शिक्षण हा आमचा मुख्य विषय आहे.

व्यवसायोपचार हा शब्द ऐकताच कित्येकांस वाटते की रोग्याला काही धंदा शिकवून पोटास लावावयाचे असावे. तसे नाही. येथे व्यवसाय म्हणजे माणूस सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ती सगळी कामे. दात घासणे, आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, लिहिणे, स्वयंपाक, देवपूजा, कचेरीचे काम, मुलांच्या बाबतीत खेळ व शाळा, हे सर्व व्यवसायच. आजाराने किंवा अपघाताने यांपैकी जे हातचे गेले ते परत मिळवून देणे, आणि पूर्वीच्या रीतीने मिळत नसेल तर दुसऱ्या रीतीने मिळवून देणे, हे या शास्त्राचे काम. फिजिओथेरपीशी त्याचे जवळचे नाते आहे. पण दंडात जोर किती आला एवढ्यावर व्यवसायोपचाराचे समाधान होत नाही. त्या दंडाने सदरा घालता आला की नाही, हा त्याचा प्रश्न.

या व्यवसायाची संघटित सुरुवात अमेरिकेत १९१७ साली झाली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर मंडळी जमली आणि त्यांनी एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. जमलेल्यांत वास्तुशिल्पी जॉर्ज बार्टन, मनोविकारांचे डॉक्टर विल्यम रश डंटन, समाजसेविका एलिनॉर क्लार्क स्लॅगल अशी निरनिराळ्या पेशांची माणसे होती. त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जायबंदी शिपायांना पुन्हा उभे करण्यासाठी शिकाऊ स्त्रियांची पथके तयार करावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर रुग्ण फार आणि तज्ज्ञ थोडे अशी स्थिती झाली, तेव्हा तज्ज्ञाच्या हाताखाली काम करील असा रीतसर शिकलेला सहाय्यक हवा असा विचार पुढे आला. १९५८ साली अमेरिकेच्या व्यवसायोपचार संघटनेने सहाय्यकांच्या शिक्षणक्रमांना मान्यता देण्यास सुरुवात केली. आरंभीचे हे शिक्षणक्रम अल्प मुदतीचे आणि मनोरुग्णालयांपुरते होते. पुढे त्यांचा विस्तार झाला.

आपल्याकडे हे शास्त्र आणले ते कमला निंबकर यांनी. मूळच्या त्या अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकरांशी विवाह करून त्या हिंदुस्थानात आल्या, इथल्याच झाल्या, आणि वयाच्या पंचेचाळिशीनंतर पुन्हा अमेरिकेस जाऊन हे शिक्षण घेऊन परतल्या. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी निघालेल्या जागतिक संघटनेच्या संस्थापक सदस्यांत भारताचे नाव लागले. १९५८ साली नागपूरलाही असे शिक्षण सुरू झाले. संसारात पडलेल्या बाईने त्या वयात पुन्हा विद्यार्थिनी व्हावे, हेच आम्हांस या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते.

आता तज्ज्ञ आणि सहाय्यक यांतला फरक. रोग्याची तपासणी करून त्याला काय जमते व काय जमत नाही हे ठरविणे, उद्दिष्ट आखणे आणि उपचाराची योजना करणे ही जबाबदारी तज्ज्ञाची. सहाय्यक ती योजना दररोज रोग्याबरोबर बसून अमलात आणतो, काय घडले ते तज्ज्ञास कळवितो आणि योजनेत बदल सुचवितो. पण आपल्या मनाने उद्दिष्ट बदलीत नाही. यावरून सहाय्यक म्हणजे सामान उचलणारा मदतनीस असे कोणी समजेल तर ती चूक होईल. रोग्याच्या सहवासात अधिक तास सहाय्यकाचेच जातात, आणि बारीक गोष्टी बहुधा त्याच्याच नजरेस प्रथम येतात.

तो शिकतो काय, हे एका साध्या कामावरून पाहू. समजा, साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांस पक्षाघात झाला आहे आणि उजवी बाजू लुळी पडली आहे. त्यांस सदरा घालावयाचा आहे. आपण घरी काय करतो? दोघे जण धरून, हात वर ओढून, एका मिनिटात सदरा चढवितो. सहाय्यकाला प्रथम हेच करावयाचे नाही असे शिकवितात. रोग्यास मऊ गादीवर न बसविता टणक खुर्चीवर, पाय जमिनीस टेकतील असे बसवावे. सदरा त्याच्या मांडीवर उलगडून ठेवावा. मग चांगल्या हाताने लुळा हात आधी बाहीत घालावयाचा, बाही खांद्यापर्यंत ओढून घ्यावयाची, सदरा पाठीमागून फिरवून आणावयाचा आणि शेवटी चांगला हात. काढताना क्रम नेमका उलटा. चांगला हात आधी बाहेर, लुळा शेवटी. कारण उघड आहे. लुळ्या हाताला वळून बाही शोधता येत नाही. म्हणून कापड सैल असते तेव्हा त्याची पाळी. बटणे खालून वर लावावीत, म्हणजे डोळ्यांना दिसतात आणि पट्ट्या वरखाली होत नाहीत. आणि लुळा हात धरून माणसास कधीही ओढू नये. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटू लागतो आणि महिनोन्महिने दुखत राहतो. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी एवढे एक वाक्य जरी ध्यानात ठेवले तरी या लेखाचे श्रम वाया गेले नाहीत असे आम्ही समजू.

पहिल्या दिवशी या एका सदऱ्यास वीस मिनिटे लागतील. त्या वीस मिनिटांत हात मागे ठेवून, डोळे उघडे ठेवून बसणे हे या शिक्षणातले अवघड प्रकरण. कोठे अडले, हाताची शक्ती कमी पडली की सदऱ्याची डावी-उजवी बाजू ओळखता आली नाही, की मेंदूच्या इजेमुळे त्या बाजूस हात आहे याचेच भान नाही, हे पाहावयाचे असते. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. नेमकी गरज असेल तेथेच बोट लावावयाचे आणि ती गरज दर आठवड्यास कमी होत गेली पाहिजे. आपल्या घरांतून सेवेची कल्पना निराळी आहे. सून आणि मुलगा सर्व काही हातात देतात, घास भरवितात, शेजारीपाजारी वाखाणतात. आणि तीन महिन्यांनी, कदाचित सावरला असता असा माणूस कायमचा परस्वाधीन होतो. यात कोणाच्या प्रेमाला आम्ही नावे ठेवीत नाही. ते कसे वापरावे हे सांगणारे माणूस घरात आलेले नसते, एवढेच.

लहान मुलांच्या बाबतीत एक युक्ती फार उपयोगी पडते. ज्या मुलाची बुद्धी सावकाश वाढत आहे त्याला मोजा घालावयास शिकविताना सुरुवातीपासून शिकवीत नाहीत. मोजा टाचेपर्यंत आपण चढवावयाचा आणि शेवटचा ओढा मुलाने द्यावयाचा. तो जमला की त्याच्या आधीची पायरी. अशा रीतीने मूल मागून पुढे शिकत येते आणि रोजचा धडा त्याच्या स्वतःच्या हाताने पुरा होतो.

साधनांचे शिक्षणही असते, पण त्यात भपका नाही. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड केली तर दुबळ्या मुठीत बसते. ताटाखाली ओले फडके घातले तर ताट सरकत नाही. लाकडी फळीतून दोन खिळे वर काढून त्यांवर बटाटा खोचला तर एका हाताने तो सोलता येतो. कुष्ठरोगाने ज्यांच्या हातांची संवेदना गेली आहे त्यांना गरम चहाचा स्टीलचा पेला धरल्याचे कळत नाही, फोड आल्यावर दिसते; त्यांच्यासाठी लाकडी मूठ हा चैनीचा प्रकार नव्हे. या बाबतीत परदेशी पुस्तक जसेच्या तसे उचलून चालत नाही. त्यांचा स्वयंपाक उभ्याने, सुरीने. आपली विळी पायाखाली दाबून दोन्ही हातांनी चिरावयाची वस्तू आहे. अर्धांगाच्या रोग्याला ती सरळ धोक्याची. बसून आंघोळ, उकिडवे बसण्याचा संडास, जमिनीवरची पंगत, नऊवारी नेसणे, यांची फोड आपल्याच माणसांनी करावयास हवी.

अमेरिकेत आज हे शिक्षण बहुधा दोन वर्षांचे, असोसिएट पदवीचे असते. तेथील स्थानिक कम्युनिटी कॉलेजांतूनही ते मिळते. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, बालपणापासून वार्धक्यापर्यंत माणसाची वाढ कशी होते हा विषय, निरनिराळे आजार, हातासाठी आधारपट्ट्या, रोग्यास खाटेवरून खुर्चीत हलविण्याची रीत, असा अभ्यासक्रम. हलविण्याचे पाठ तोंडपाठ करून भागत नाही. खुर्ची चांगल्या बाजूस लावणे, चाकांचा ब्रेक लावणे, कमरेचा पट्टा धरणे हे एकमेकांवर पुन्हा पुन्हा करून पाहावे लागते. नोंदी लिहिण्यावरही फार भर असतो. ‘आज रोगी बरा होता’ ही नोंद निरुपयोगी. ‘डाव्या हाताने तीन बटणे लावली, चौथ्यास मदत लागली, दहा मिनिटे लागली’ ही नोंद तज्ज्ञाच्या उपयोगाची, आणि विमा कंपनी पैसे देते तेही अशाच नोंदीवर.

वर्गातील शिक्षणाबरोबर थोड्या थोड्या दिवसांचे निरीक्षण, आणि अखेरीस निदान सोळा आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम. तज्ज्ञ होणाऱ्यांस हेच चोवीस आठवडे करावे लागते. रुग्णालय, वृद्धांचे शुश्रूषागृह, शाळा, रोग्याचे घर, कोठेही नेमणूक होऊ शकते. त्यानंतर राष्ट्रीय मंडळाची परीक्षा आणि मग ज्या राज्यात काम करावयाचे तेथील परवाना. मान्यताप्राप्त शिक्षणक्रम पुरा केल्यावाचून परीक्षेस बसता येत नाही, म्हणून प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेस मान्यता आहे काय हे पाहून घेणे अगत्याचे. आपल्यापैकी ज्या कुटुंबांतील मुली-सुना तिकडे स्थायिक झाल्या आहेत आणि इकडची पदवी तेथे चालत नाही म्हणून खंत करीत आहेत, त्यांनी या वाटेचा विचार अवश्य करावा. पुढे तज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्या सहाय्यकांसाठी जोडशिक्षणक्रमही काही संस्थांत आहेत. इंग्लंडमध्ये रीत वेगळी. तेथे सरकारी नोंदणी तज्ज्ञाची होते. सहाय्यक बहुतांशी नोकरीवर लागून शिकतात.

आपल्या देशात मात्र अमेरिकेसारखी, स्वतंत्र परीक्षा व परवाना असलेली सहाय्यकाची पायरी नाही. बारावीला विज्ञान शाखा घेऊन, चार वर्षांहून अधिक मुदतीचा पदवी शिक्षणक्रम पुरा करून तज्ज्ञ व्हावयाचे, हा येथला राजमार्ग. महाराष्ट्रात तज्ज्ञांच्या नोंदणीसाठी २००२ च्या कायद्याने परिषद आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला त्यातही व्यवसायोपचाराचा समावेश आहे. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की काही महिन्यांत ‘थेरपिस्ट’ करून देण्याच्या जाहिराती हल्ली दिसतात, आणि शिष्यवृत्तीसाठी अशा वर्गांच्या पावत्या आमच्याकडेही येतात. विद्यापीठ कोणते, पदवी कोणती, नोंदणी कोठे होणार, हे तीन प्रश्न पालकांनी तोंडावर विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे. दुसरीकडे, अपंग मुलांच्या शाळांत, वृद्धाश्रमांत किंवा पुनर्वसन केंद्रांत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मदतनीस म्हणून काम करीत शिकणे यात काही कमीपणा नाही. फक्त तो अनुभव आहे, परवाना नव्हे, हे मनात स्वच्छ असावे.

हा पेशा कोणास मानवेल? ज्याला दुसऱ्याच्या हातातले काम हिसकावून घेऊन भराभर उरकण्याची सवय आहे त्यास फार जड जाईल. विणकाम, सुतारकाम, रांगोळी, बागकाम यांत हात रमणाऱ्या मुलामुलींस तो लवकर साधेल. पाठ-कंबर धड असावी, माणसाच्या मलमूत्राची किळस नसावी, आणि ‘आज काहीच जमले नाही’ असे सलग आठ दिवस लिहिताना चिडचिड होऊ नये.

तेव्हा ज्यांच्या मनात हा विचार येईल त्यांनी शुल्क भरण्याआधी एखाद्या रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात रीतसर परवानगी काढून चार-सहा दिवस नुसते बसून पाहावे. रोग्यांची नावे न लिहिता, पाहिलेल्या एकाच कामाची टिपणे करावीत: कोणते काम, किती पायऱ्या, रोगी कोठे अडला, मदतीचा हात कोठे लागला. निधीकडे अर्ज करताना ही टिपणे सोबत जोडावीत. आम्ही ती गुणपत्रिकेच्या आधी वाचू.