देण्याघेण्याचे तंटे व मंडळीचा न्याय

शास्त्रभाग : मत्तय १८:१५–१७, लूक १८:१–८, करिंथकरांस पहिलें पत्र ६:१–८

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत जे तंटे उत्पन्न होतात त्यांपैकीं बहुतेक धर्ममताविषयीं नसतात. ते उसन्या पैशांविषयीं, बांधाविषयीं, विहिरीच्या पाळीविषयीं व वडिलोपार्जित वाट्याविषयीं असतात. असें समजा कीं, एका विधवा भगिनीनें मंडळींतील एका बंधूस मुलीच्या लग्नासाठीं चाळीस हजार रुपये उसने दिले. दोन वर्षें झालीं, पैसे आले नाहींत. मागावयास गेली म्हणजे "पुढच्या सुगीला देतों" हें उत्तर ठरलेलें. अखेरीस ती न्यायालयांत जाण्याची गोष्ट काढते, तेव्हां पंच तिला करिंथकरांच्या पत्राचा सहावा अध्याय दाखवितात, व ती मुकाट्यानें घरीं जाते. आणखी एक वर्ष जातें. मग तिला कोणी तरी सांगतें कीं, आतां कायद्यानें तुला कांहीं मागतां येत नाहीं. या प्रकरणांत शास्त्रभागाचा लाभ कोणास झाला, याचा विचार आपण करूं.

पौल करिंथ येथील मंडळीस रागें भरतो हें खरें. परंतु ज्याचें बुडालें त्या एकट्यासच तो बोलत नाहीं. भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा मनुष्य तुमच्यांत नाहीं काय, असें तो सर्व मंडळीस विचारतो, आणि आठव्या वचनांत तर भावास नाडणाऱ्यांचीच कानउघाडणी करितो. तो हानि सोसण्याविषयीं लिहितो. पण ती ज्याची त्यानें स्वखुशीनें सोसावयाची असते, दुसऱ्यानें त्याच्यावर लादावयाची नसते. जी मंडळी स्वतः निवाडा करीत नाहीं, तिनें न्यायालयाची वाट मात्र अडवावी, हें पौलाच्या शब्दांत कोठेंही बसत नाहीं. लूकाच्या अठराव्या अध्यायांतील विधवा न्यायाधीशाकडे वारंवार जाते, आणि प्रभु तिला दोष देत नाहीं. पौलानेंही फेस्तासमोर कैसराकडे न्याय मागितला.

तेव्हां क्रम कोणता? मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत तो दिला आहे. प्रथम एकांतीं जाऊन बोलावें. विहिरीवर नव्हे, आणि उपासना सुटल्यावर मंदिराच्या ओट्यावर तर मुळींच नव्हे. ऐकलें नाहीं तर दोघांतिघांस बरोबर न्यावें. हे साक्षीदार कशासाठीं? माझ्या मतें उपदेशकांनीं येथें हातांत कागद घ्यावा. किती रुपये दिले, केव्हां दिले, परत केव्हां द्यावयाचे, हें लिहून ऋणकोची सही व तारीख घ्यावी.

हा कागद इतका महत्त्वाचा कां, हें मुदतीच्या कायद्यावरून कळतें. १९६३ च्या या कायद्याप्रमाणें उसन्या पैशांचा दावा ३ वर्षांच्या आंत लावावा लागतो. परतफेडीचा दिवस ठरला नसेल तर ही मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात, मागितल्याच्या दिवसापासून नव्हे. येथेंच पुष्कळ भोळीं माणसें फसतात. १ जून २०२५ रोजीं पैसे दिले असतील तर १ जून २०२८ पर्यंत दावा दाखल झाला पाहिजे. मात्र मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें आपल्या सहीनें देणें कबूल केलें, तर त्या तारखेपासून नवीं ३ वर्षें मिळतात. थोडी रक्कम परत केली व त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरांत किंवा सहीनें झाली, तरीही तसेंच. नुसत्या तोंडच्या आश्वासनानें मुदत वाढत नाहीं, मग तें आश्वासन प्रार्थनेनंतर दिलेलें कां असेना! वचनचिठ्ठी लिहून घ्यावयाची असेल तर तिच्यावर योग्य तिकीट लावावें, नाहींतर न्यायालय ती पुराव्यांत घेत नाहीं. रक्कम बँकेमार्फत किंवा मोबाईलवरून दिली असेल तर तिची नोंद राहते, तीही जपून ठेवावी.

मुदत गेली म्हणजे दाव्याची वाट बंद होते, देणें मात्र संपत नाहीं. घेणाऱ्या बंधूनें यानंतर लेखी सही करून पुन्हा वचन दिलें, तर करारांच्या कायद्याप्रमाणें तें बंधनकारक होतें. तो प्रभुभोजनास येत असेल, तर पाळकांनीं त्याच्याशीं हा विषय काढण्यास संकोच करूं नये.

मंडळीनें स्वतः निवाडा करावयाचा तर तोही नीट करावा. दोन्ही पक्षांनीं आधीं लेखी करार करून पंच नेमले, तर १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणें त्यांच्या रीतसर निवाड्यास हुकूमनाम्यासारखें बळ येतें. पंचांची संख्या विषम असावी असें तो कायदा सांगतो, आणि ऋणकोचा मेहुणा त्यांत नसावा हें सांगावयास कायदा कशाला पाहिजे?

सरकारी न्यायालय सावकाराचें, गरिबाचें नव्हे, ही समजूत आमच्याकडे उगाच झालेली नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, तेव्हां त्यांच्या रागास न्यायालयांतून निघणारे हुकूमनामेही कारण होते. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें गांवमुनसफ व समेट करणारे मध्यस्थ नेमण्याची सोय केली. तो कायदा आतां अंमलांत नाहीं, पण समेटाची ती वाट आज लोकअदालतीच्या रूपानें पुन्हा उघडी आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणें तालुक्याच्या न्यायालयांत विधी सेवा समिती असते. तेथें अर्ज दिल्यास दावा लावण्यापूर्वींही प्रकरण लोकअदालतीपुढें ठेवितां येतें. तेथें फी पडत नाहीं. चालू दाव्यांत तेथें तडजोड झाली तर भरलेली न्यायालयफी परत मिळते. तडजोड दोघांच्या संमतीनेंच होते. पण एकदां झाली म्हणजे ती हुकूमनामाच, तिच्यावर अपील नाहीं. म्हणून वाचल्यावांचून अंगठा उठवूं नये.

त्याच कायद्याप्रमाणें स्त्रियांस, मग त्यांचें उत्पन्न कांहीं असो, वकील फुकट मिळूं शकतो. आमच्या विधवा भगिनीस हें प्रथम सांगावयास हवें होतें. अनुसूचित जमातींतील बंधूंस ख्रिस्ती झाल्यानें हा लाभ जात नाहीं. अनुसूचित जातींतून आलेल्या ख्रिस्ती पुरुषांस मात्र, १९५० च्या आदेशामुळें, जातीच्या नात्यानें तो मिळत नाहीं; त्यांनीं अल्प उत्पन्नाच्या कलमाखालीं अर्ज करावा.

समेट झाला नाहीं तर दावा. मुंबई, पुणें व नागपूर येथें लहान दाव्यांसाठीं स्वतंत्र लघुवाद न्यायालयें आहेत; इतरत्र हें काम तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशापुढें चालतें. लघुवादांत उसने पैसे, मालाची किंमत अशीं प्रकरणें थोडक्या रीतीनें चालतात. जमिनीची मालकी कोणाची हा प्रश्न तेथें सुटत नाहीं. त्यास नेहमींचा दिवाणी दावा लागतो. सातबारावर नांव आहे एवढ्यानें मालकी पक्की होते असें मानूं नये. बांध सरकला असेल तर भूमि अभिलेख कार्यालयांत मोजणीचा अर्ज आधीं करावा; पुष्कळ तंटे मोजणीनेंच मिटतात. शेताची वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडविला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणें तहसीलदाराकडे जातां येतें, पण अडविल्यापासून ६ महिन्यांच्या आंत.

आतां हुकूमनामा हातीं आला असें समजा. त्यानें पैसे आपोआप येत नाहींत; बजावणीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि त्यास १२ वर्षांची मुदत असते. या ठिकाणीं धनकोच्याही मनाची परीक्षा होते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत जात्याची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण तीवर मनुष्याचें पोट चालतें. गरिबाचें पांघरूणही सूर्य मावळण्यापूर्वीं परत द्यावयाचें आहे. आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांतही ऋणकोचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण, कारागिराचीं हत्यारें, आणि शेतकऱ्याचीं अवजारें व उपजीविकेस लागणारीं गुरें व बियाणें यांवर जप्ती आणतां येत नाहीं. आणि पैशांच्या हुकूमनाम्यासाठीं स्त्रीस अटक करितां येत नाहीं. बेलीफ दारांत आला असतां ही यादी दोन्ही घरांस ठाऊक असावी, म्हणून उपदेशकांनीं ती सायंकाळच्या सभेंत एकदां वाचून दाखवावी.