नकारार्थी प्रश्न आणि त्याचे उत्तर

काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गातील एका मुलास इंग्रजीत विचारले, “हॅव यू नॉट डन द सम्स?” “यस, सर,” तो नम्रपणे उत्तरला. वही पाहतो तो कोरी! खोटे बोलल्याबद्दल आम्ही त्यास सर्वांदेखत रागे भरलो. मागाहून विचार करता उमगले की, मुलगा खरे तेच बोलला होता. “होय, केली नाहीत,” असे त्याच्या मनात होते. ते त्याने मराठी रीतीने इंग्रजीत सांगितले, इतकेच.

मराठीत आपले ‘होय’ पुष्कळदा विचारणाऱ्याच्या बोलण्यास रुकार देते. इंग्रजीत मात्र ‘यस’ व ‘नो’ हे वस्तुस्थितीस धरून असतात. गणिते केली असतील तर ‘यस’, नसतील तर ‘नो’. प्रश्नात ‘नॉट’ असो वा नसो.

जुन्या इंग्रजी ग्रंथांत हे प्रश्न निराळ्या वेषात भेटतात. देवगिरीकडे बोट दाखवून कोणी विचारील, “सी यू नॉट द फोर्ट?” येथे क्रियापद कर्त्याच्या आधी आले आहे, आणि ‘डू’ मुळीच नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत व १६११ च्या इंग्रजी बायबलात अशी रचना वारंवार आढळते. पुढे “डू यू नॉट सी द फोर्ट?” आणि बोलण्यात “डोन्ट यू सी द फोर्ट?” ही रूपे रूढ झाली. वेष तीन, अर्थ एकच. असा प्रश्न पुष्कळदा माहितीसाठी नसतोच. “मी तुला सांगितले नव्हते काय?” म्हणजे ‘सांगितलेच होते’, तसेच हे.

गंमत अशी की, एके काळी इंग्रजांसही येथे चार शब्द लागत. साध्या प्रश्नास ‘ये’ अथवा ‘ने’ आणि नकारार्थी प्रश्नास ‘यस’ अथवा ‘नो’, असा भेद होता. १५३२ च्या सुमारास सर टॉमस मोर यांनी बायबलचे भाषांतरकार टिंडल यांस याच भेदावरून टोकले होते. पुढे तो भेद लोपला.

तेव्हा उत्तर देताना प्रश्नातील ‘नॉट’ मनातल्या मनात वगळावा, आणि एका शब्दावर न थांबता “नो, सर, आय हॅव नॉट” असे पूर्ण वाक्य बोलावे. पालकांनीही घरी असा सराव करून घ्यावा.

त्या मुलाची आम्ही दुसरे दिवशी वर्गासमोरच क्षमा मागितली. व्याकरणाच्या चुकीस खोटेपणा म्हणणे ही शिक्षकाची चूक होय.