नवा गडी

वर्ष निम्मे सरल्यावर वर्गात एखादा नवा मुलगा येतो. मास्तर त्याला एका रिकाम्या जागेवर बसवितात. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. हा आपली जुनी शाळा सोडून इकडे का आला, असा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. पण तोंडावर कोणी विचारीत नाही. मधल्या सुट्टीत खेळाचे दोन गट पडतात आणि तो कडेला उभा राहून पाहतो. तुमच्यापैकी काही जणांनी असे उभे राहून पाहिलेही असेल.

बास्केटबॉलच्या संघात नव्या गड्याची स्थिती याहून बिकट असते. या खेळात मैदानावर एका बाजूचे पाचच गडी असतात. नवा एक आत यावयाचा, तर जुन्या एकाने बाहेर बसावयास हवे. अमेरिकेतील एका मुलाने अशी जागा कशी मिळविली, त्याची ही हकिकत आहे. त्याचे नाव लॅरी बर्ड.

अमेरिकेच्या मध्यभागी इंडियाना नावाचे राज्य आहे. मक्याची अफाट शेते आणि मधूनमधून लहान लहान गावे, असा हा मुलूख. बास्केटबॉलचा खेळ 1891 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. उंचावर पीच फळांच्या टोपल्या टांगून त्यांत चेंडू टाकावयाचा, असा तो प्रारंभी होता. पण त्या खेळाचे वेड लागावे तर ते इंडियानातील लोकांनाच! तेथे गुरांच्या गोठ्याच्या भिंतीवरही लोखंडी कडे ठोकलेले दिसते आणि शाळेचा सामना असला की सारे गाव लोटते.

याच राज्यातील फ्रेंच लिक या सुमारे 2 हजार वस्तीच्या गावात लॅरी वाढला. त्याचा जन्म 1956 सालचा. घरी सहा भावंडे आणि गरिबी. आई खाणावळीत काम करी आणि एका पगारात भागत नसे, म्हणून दुसरेही काम पत्करी. लॅरी अबोल होता. परंतु हाती चेंडू आला की त्याला दुसरे काही सुचत नसे. शाळा सुटेपर्यंत तो चांगलाच उंच झाला आणि त्याचे नाव सर्व राज्यात झाले.

1974 साली ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊन बोलाविले. तेथील संघाचे प्रशिक्षक बॉब नाइट हे नामांकित गृहस्थ होते आणि त्यांचा संघ देशातील उत्तम संघांपैकी एक होता. गावाला वाटले, आपल्या पोराचे भाग्य उजळले.

पण झाले निराळेच. त्या विद्यापीठात 30 हजारांहून अधिक विद्यार्थी शिकत होते. म्हणजे लॅरीच्या गावासारखी पंधरा गावे तेथे एकवटली होती. वर्गांना जाण्यासाठी मैल-मैल चालावे लागे. ओळखीचे माणूस दिसत नसे. इतर मुलांजवळ चांगले कपडे आणि खर्चाला पैसे असत. लॅरीजवळ दोन्हींची वाण. त्याचा जीव गुदमरू लागला. चोविसाव्या दिवशी त्याने आपले सामान बांधले आणि तो घरी परत आला. त्या वर्षीचा एकही सामना त्याने खेळला नव्हता.

घरी कोणी त्याचे स्वागत केले नाही. आईला फार वाईट वाटले. आपल्या मुलाने शिकावे, ही तिची एकच आस होती. गावातले लोकही हळहळले. लॅरीने फ्रेंच लिकच्या नगरपालिकेत नोकरी धरली. गवत कापावे, रस्त्यांची डागडुजी करावी, पाट्या रंगवाव्या आणि आठवड्यातून एक दिवस कचऱ्याच्या गाडीवर जावे, असे ते काम होते. त्या कामाची त्याला मुळीच लाज वाटली नाही. उलट ते दिवस आपल्याला आवडले होते, असे त्याने पुढे सांगितले आहे. आपल्या गावचा रस्ता आपल्या हातांनी नीट होतो, यात सुख आहेच. मात्र त्याच वर्षी, 1975 च्या आरंभी, त्याचे वडील वारले. अठरा वर्षांचा मुलगा. विद्यापीठ सुटलेले, वडील गेलेले. पुढची वाट दिसत नव्हती.

त्याच राज्यात टेरे होट नावाच्या शहरी इंडियाना स्टेट हे दुसरे विद्यापीठ आहे. ब्लूमिंग्टनच्या मानाने ते लहान. त्याच्या बास्केटबॉल संघाला फारसे कोणी ओळखत नसे. तेथील साहाय्यक प्रशिक्षक बिल हॉजेस यांनी लॅरीचा पाठपुरावा सुरू केला. आईने प्रथम त्यांना दारातूनच परत लावले. मुलाला आता सुखाने राहू द्या, असे तिचे म्हणणे होते. हॉजेस पुन्हा आले. त्या भेटीची एक गोष्ट ते सांगत असत. गावातला एक तरुण लॅरीचा मित्र होता. त्याच्याकडे बोट दाखवून लॅरी कौतुकाने म्हणाला की, हा कॉलेजात गेला असता तर मोठा खेळाडू झाला असता. हॉजेस यांनी उत्तर दिले की, कॉलेजात गेला नाहीस, तर एक दिवस तुझ्याविषयीही लोक हेच म्हणतील.

लॅरी विचारात पडला. 1975 साली तो टेरे होटला गेला.

येथे एक अडचण उभी होती. त्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा असा नियम होता की, जो खेळाडू एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यात जाईल, त्याने पहिले एक वर्ष सामन्यांत भाग घेता कामा नये. मोठ्या संघांनी लहान संघांचे चांगले गडी आमिष दाखवून पळवू नयेत आणि नव्या ठिकाणी आलेल्या विद्यार्थ्याने आधी अभ्यासात मन घालावे, हा त्या नियमाचा हेतू सांगितला जाई. हेतू चांगला खरा. पण त्याचा भार मुलांवरच पडे. प्रशिक्षक एक संघ सोडून दुसऱ्याकडे गेला, तर त्याला कोणी वर्षभर थांबवीत नसे! पुढे अनेक वर्षांनी लोकांना हे पटले. 2021 साली खेळाडूंना एकदा न थांबता विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि 2024 साली, अभ्यासात मागे नसलेल्या खेळाडूंसाठी ती आणखी वाढविण्यात आली.

लॅरीच्या वेळी मात्र थांबणे भाग होते. 1975-76 चे ते वर्ष कसे गेले असेल, याची कल्पना करा. संघाबरोबर रोज सराव करावयाचा; तोच घाम, तीच धावपळ. आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत बसून इतरांचा खेळ पाहावयाचा. आपला संघ एक सामना जिंकतो, एक हरतो, हे उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे आणि हात जोडून स्वस्थ राहावयाचे.

त्यातही एक गोष्ट अधिक बोचणारी होती. ब्लूमिंग्टनचा जो संघ लॅरीने सोडला होता, त्याने त्याच वर्षी 32 सामने खेळून 32 ही जिंकले आणि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. आपण तेथे टिकून राहिलो असतो तर? हा विचार त्याच्या मनात आला असेल की नाही, ते तोच जाणे.

त्याने काय केले, एवढे मात्र सांगता येते. तो सरावाच्या वेळी राखीव गड्यांच्या बाजूने खेळे. समोर संघातील पहिले पाच. सामन्यात खेळावयाचे नाही, तर सरावात जीव कशाला तोडा, असे एखाद्याला वाटले असते. लॅरी प्रत्येक चेंडूसाठी झटे. राखीव गड्यांनी पहिल्या पाचांना हरविल्याच्या आठवणी त्या काळच्या मंडळींनी सांगितल्या आहेत. अशा वेळी जुन्या खेळाडूंच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर नवल नाही. परंतु लॅरीच्या खेळात एक विशेष होता. तो जितक्या सहजतेने चेंडू कड्यात टाकी, तितक्याच सहजतेने तो सोबत्याच्या हाती देई. एखादा गडी मोकळा झाला आहे हे त्या गड्याला कळण्यापूर्वीच लॅरीचा चेंडू त्याच्याकडे निघालेला असे. ज्याच्याबरोबर खेळल्याने आपलाही खेळ सुधारतो, असा सोबती कोणाला नको असेल?

1976 च्या हिवाळ्यात नियमाचे वर्ष संपले आणि लॅरी 33 क्रमांकाचा अंगरखा घालून मैदानात उतरला. त्या पहिल्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी 32.8 गुण केले. इंडियाना स्टेटने 28 पैकी 25 सामने जिंकले. टेरे होटचे क्रीडागृह गर्दीने फुलून जाऊ लागले.

1978 साली बॉस्टनच्या व्यावसायिक संघाने लॅरीची निवड केली. त्याचे ब्लूमिंग्टनचे पहिले सोबती त्या साली पदवीधर होत होते, म्हणून नियमाने त्याला तेव्हाच निवडता येत होते. पैसे समोर होते आणि घरी गरज होती. तरी लॅरी आणखी एक वर्ष विद्यापीठातच राहिला.

त्या शेवटच्या वर्षी मुख्य प्रशिक्षक बॉब किंग आजारी पडले आणि संघाची धुरा हॉजेस यांच्याकडे आली. संघातील बरेच गडी नवे होते. त्यांत बॉब हीटन नावाचा एक खेळाडू होता. तोही डेन्व्हरचे विद्यापीठ सोडून येथे आलेला. लॅरी मागे कडेला बसला होता, तसाच हा नव्या ठिकाणी आलेला.

संघ एकामागून एक सामने जिंकीत गेला आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रथमच उतरला. मार्च 1979 मध्ये आर्कान्सा विद्यापीठाशी त्याची गाठ पडली. अखेरचे क्षण आले, तरी गुण 71-71 असे बरोबरीत. चेंडू लॅरीकडेच जाणार, हे सर्वांना ठाऊक होते, आर्कान्साच्या खेळाडूंनाही. त्यांनी त्याची वाट रोखून धरली. तेव्हा चेंडू हीटनकडे आला. हीटन उजव्या हाताने खेळणारा. पण समोर प्रतिस्पर्धी आडवा आला, म्हणून त्याने डाव्या हाताने चेंडू उडविला. चेंडू कड्यावर थोडा नाचला आणि आत पडला. 73-71! एका परक्या संघातून आलेल्या गड्याचा मार्ग अडविला गेला, तेव्हा परक्या संघातून आलेल्या दुसऱ्याने सामना जिंकून दिला.

26 मार्च 1979 रोजी सॉल्ट लेक सिटी येथे अंतिम सामना झाला. तोवर इंडियाना स्टेटने 33 सामने खेळून सर्व जिंकले होते. समोर मिशिगन स्टेटचा संघ होता आणि त्यात मॅजिक जॉन्सन हा असामान्य खेळाडू होता. घरोघरी लोक दूरदर्शन संचापुढे बसले होते. मिशिगनच्या गड्यांनी लॅरीला चोहोंकडून घेरले. त्याने 21 वेळा चेंडू कड्याकडे फेकला. त्यांपैकी 7 वेळाच तो आत गेला. सामना 75-64 असा हातचा गेला. लॅरी बाकावर बसला आणि त्याने टॉवेलात तोंड लपविले.

पुढे लॅरी बॉस्टनला गेला. त्या संघातून खेळताना त्याने 1981, 1984 आणि 1986 साली व्यावसायिक अजिंक्यपद मिळविले आणि मॅजिक जॉन्सनशी त्याची स्पर्धाही तेथे रंगली. ती हकिकत मोठी आहे.

परंतु 1979 च्या त्या वसंत ऋतूत, अंतिम सामन्याचे दुःख ताजे असतानाच, त्याला आणखी एक काम पुरे करावयाचे होते. शारीरिक शिक्षण हा त्याचा पदवीचा विषय होता आणि पदवीसाठी काही दिवस शाळेत शिकविणे आवश्यक होते. त्याने टेरे होटजवळच्या एका शाळेत जाऊन मुलांचे तास घेतले, त्यांना खेळ शिकविले आणि त्याच वर्षी पदवी घेतली.