विजेचे दूरनियंत्रण

बेंगळूरु शहराच्या उत्तरेस, बळ्ळारी मार्गावर हेब्बाळ हा भाग आहे. एके काळी तळ्याकाठचे गाव असलेले हेब्बाळ आज विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील उड्डाणपुलामुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. तेथे २२० किलोव्होल्टचे एक विद्युत उपकेंद्रही आहे. मात्र त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. दुरून उच्च दाबाने आलेली वीज तेथील रोहित्रांत कमी दाबाची होते आणि पुढे शहरात जाते. राज्यात अशी शेकडो उपकेंद्रे आहेत. त्या सर्वांची खबर एकाच खोलीत बसलेल्या माणसांना क्षणोक्षणी कशी कळते, हे आपण या पाठात समजून घेऊ.

कर्नाटकात विजेचा लांबचा प्रवास १९०२ साली सुरू झाला. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली गेली. १९०५ साली त्याच विजेवर बेंगळूरुच्या रस्त्यांवरील दिवे लागले. त्यानंतर अनेक दशके विजेचा कारभार दूरध्वनी आणि नोंदवही यांच्या आधाराने चालला. उपकेंद्रातील ऑपरेटर ठरावीक वेळी मीटरवरचे आकडे वहीत उतरवी आणि नियंत्रण केंद्राला कळवी. तिकडून आदेश आला की तो पुन्हा उच्चारून दाखवी, वेळेसह नोंदवी आणि मगच ब्रेकर उघडी किंवा बंद करी. ही पद्धत संथ होती; पण आदेश कोणी दिला आणि कोणी पाळला, याविषयी तीत संशयाला जागा नव्हती.

पुढे या कामासाठी ‘स्काडा’ नावाची व्यवस्था आली. देखरेख, नियंत्रण आणि माहितीचे संकलन ही तिची तीन कामे. उपकेंद्रात बसविलेले एक यंत्र विद्युतदाब, प्रवाह आणि ब्रेकरची स्थिती टिपते. दर काही सेकंदांनी ही माहिती नियंत्रण केंद्राच्या पडद्यावर उमटते. तेथून दिलेली आज्ञा उलट वाटेने उपकेंद्रात पोहोचते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तार तुटली किंवा रोहित्रात बिघाड झाला, तर ब्रेकर नियंत्रण केंद्राच्या आज्ञेची वाट पाहत नाही. उपकेंद्रातलाच रिले सेकंदाच्या लहानशा अंशात त्याला उघडतो. दूरचे केंद्र त्यानंतरचा विचार करते: वीज कोणत्या वाटेने वळवावी, कोठे भार कमी करावा.

असा विचार आज एका राज्यापुरता करून भागत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे विद्युतजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकलय झाले. तेव्हापासून हेब्बाळच्या आणि सोलापूरच्या घरांतील वीज एकाच तालावर, सेकंदाला सुमारे पन्नास आवर्तनांनी, चालते. कोठे एखादे मोठे वीजनिर्मिती केंद्र अचानक बंद पडले, तर तो ताल सर्वत्र किंचित मंदावतो.

ही माहिती वाहून नेण्याची साधने मात्र एकाच पिढीतील नाहीत. पूर्वी उच्च दाबाच्या तारांवरूनच संदेश पाठविले जात. ती सोय स्वस्त होती, परंतु तिची क्षमता तोकडी होती. कर्नाटकात अनेक उपकेंद्रे उपग्रहामार्फत जोडली गेली. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने संदेशाला वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो. आता मनोऱ्यांच्या माथ्यावरील भूतारेच्या पोटात प्रकाशतंतू घालतात; त्यातून प्रचंड माहिती वेगाने जाते. तरीही जुनी यंत्रे एका दिवसात बदलता येत नाहीत. त्यांची ‘भाषा’ नव्या जाळ्याला कळावी म्हणून मध्ये रूपांतरक बसवावे लागतात. आधुनिकीकरणाचा खरा कस या सांध्यांवर लागतो.

शहरातील वीजवितरणातही असाच बदल झाला. बेंगळूरुत २००२ पासून वितरणाचे काम पाहणाऱ्या ‘बेस्कॉम’ने जपानच्या कर्जसाह्याने ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर दुरून चालणारे स्विच बसविले. बिघडलेला तुकडा वेगळा काढून उरलेल्या वस्तीला लवकर वीज देता यावी, हा त्यामागचा हेतू. पण स्विच दुरून फिरतो, तेव्हा त्या तारेवर कोणी काम करीत आहे काय, हे पडदा स्वतःहून सांगत नाही. म्हणून लाइनमनला रीतसर परवाना, स्विचला कुलूप आणि तारेला अर्थिंग यांतले काहीही आजवर सुटलेले नाही. ते सुटूही नये.

दूरचा हात परक्याच्या ताब्यात गेला तर काय होते, हे २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये दिसले. तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण व्यवस्थेत घुसखोर शिरले. पडद्यावरील बाण आपोआप हलू लागला, एकेक ब्रेकर उघडत गेला आणि कर्मचारी हताशपणे पाहत राहिले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात गेले. जुनी यंत्रे आणि नवे जाळे यांना जोडणारे रूपांतरकही घुसखोरांनी निकामी केले. त्यामुळे केंद्रातून उलट आज्ञा देण्याची वाटच उरली नाही. अशा धोक्यांचा विचार करून भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ साली मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. नियंत्रणाचे जाळे इंटरनेटपासून वेगळे राखणे आणि यंत्रसामग्री विश्वासार्ह ठिकाणाहूनच घेणे, यांचा त्यांत समावेश आहे.

युक्रेनमधील वीज काही तासांतच परत आली. कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हातांनी बंद केले. ते कसे करायचे, हे त्यांना अजून येत होते.