कंबर कसण्याचे शास्त्र

मराठी भाषेने कमरेला मोठा मान दिला आहे. काम हाती घ्यायचे तर माणूस कंबर कसतो आणि संकट कोसळले की त्याचे कंबरडे मोडते. आमच्या वाशीम जिल्ह्यात मात्र ही केवळ वाक्प्रचारांची गंमत नाही. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी हे सारे कष्ट वाकूनच करावे लागतात. चाळिशी गाठण्याआधीच बाया कमरेवर हात ठेवून उठू लागतात. कमरेत उसण भरली तर पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यावी, हा उपाय खेड्यापाड्यांत अजूनही सांगितला जातो. दुसरीकडे सैन्यात किंवा पोलिसात जाऊ इच्छिणारी मुले पहाटे मैदानावर एकमेकांचे पाय दाबून धरून शंभर-शंभर सिट-अप काढत असतात. मी कलाशाखेचा विद्यार्थी. परंतु या दोन दृश्यांमुळे पोट व कंबर यांच्या व्यायामाविषयी जे वाचले आणि करून पाहिले, ते येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम रचना पाहू. कमरेच्या भागात पाच मणके असतात व दोन मणक्यांमध्ये एकेक लवचीक चकती असते. या पाच मणक्यांच्या खांबाला समोरून पोटाचे सरळ स्नायू, बाजूंनी तिरके स्नायू व मागून पाठीचे स्नायू आधार देतात. पोटाच्या सर्वांत आतल्या थरात एक आडवा स्नायू आहे. हमाल पोते उचलण्यापूर्वी कमरेला फडके गुंडाळतो, तसा हा स्नायू निसर्गानेच गुंडाळून ठेवला आहे. याचा अर्थ असा की, पोट आणि कंबर हे दोन वेगळे विषय नाहीत. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: या स्नायूंचे मुख्य काम कणा वाकवणे हे नसून, हातपाय जोर करीत असताना तो स्थिर धरणे हे आहे. मल्लखांबावर शरीर आडवे तोलून धरणाऱ्या खेळाडूकडे पाहिले की हे पुस्तकाविना समजते.

सिट-अपचे दुखणे नेमके येथेच आहे. पाय दाबून धरले की उठण्याचे बरेचसे काम पोटाऐवजी मांडीला कमरेच्या मणक्यांशी जोडणारे स्नायू करू लागतात व ते मणके ओढतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे माजी प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी केलेल्या मोजणीत एका सिट-अपला कण्यावर सुमारे ३३०० न्यूटन, म्हणजे तीनशे किलोहून अधिक वजनाइतका दाब येतो असे आढळले. एकदा आला तर निरोगी कणा तो सोसतो. रोज शंभर वेळा का सोसावा? पाठीवर निजून दोन्ही पाय सरळ उचलण्याचा प्रकारही दुखऱ्या कमरेला असाच जड जातो.

मॅकगिल यांनी सुचविलेले तीन व्यायाम सतरंजीवर करता येतात. पहिल्यात पाठीवर निजावे, एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय सरळ ठेवावा. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली सरकवावेत, म्हणजे ती पोकळी सपाट होत नाही. मग डोके व खांदे जमिनीपासून किंचितच उचलावेत. मान पुढे ओढू नये. पाहणाऱ्याला हा व्यायाम वाटतच नाही, इतकी ती हालचाल छोटी असते. दुसऱ्यात कुशीवर निजून कोपरावर भार घ्यावा आणि कंबर उचलून शरीर सरळ रेषेत धरावे. नवख्याने गुडघे टेकवूनच आरंभ करावा. तिसऱ्यात हात व गुडघे टेकून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणावा, मग उलट बाजूने. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला तर हिंदकळू नये, इतकी ती स्थिर हवी. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद धरावे व सोडावे. आधी सहा वेळा, थोडा विसावा, मग चार, मग दोन. श्वास कोंडू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. पोटाचा घेर यामुळे उतरेल ही आशा मात्र बाळगू नये. चरबी केवळ व्यायामाच्या जागची जात नसते.

हे सारे परदेशातूनच शिकावे लागते असे नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि तेथील पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. उड्डियान व नौली करताना पोटातील दाबात काय फरक पडतो हे त्यांनी उपकरण लावून मोजले. परंपरा आपलीच, पण तिलाही मोजपट्टी लावून पाहावी, ही त्यांची वृत्ती मला फार मोलाची वाटते. नाही तर ‘आमच्या आजोबांनी हजार जोर काढले’ एवढ्यावरच आपली चर्चा संपते.

राहिला एक आक्षेप. शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला? हा प्रश्न मला माझ्या मायनेच विचारला. “दिवसभर वाकून आलेल्या बाईनं रात्री आणखी जमिनीवर लोळावं का?” तिचे बरोबर आहे. श्रमाला माप नसते, व्यायामाला असते, हे उत्तर खरे असले तरी थकलेल्या माणसाला ते देववत नाही. म्हणून तिच्यासाठी मी वेगळ्या गोष्टी शोधल्या. रात्रभर निजल्यावर कण्यातील चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित वाढलेली असते. उठल्यावर पहिल्या तासात वाकणे त्यांना सर्वाधिक बाधते. सकाळचे वाकणे टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी झाल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तेव्हा झाडलोट लांब दांड्याच्या झाडूने उभ्याने करावी. शेतात पात संपली की ताठ उभे राहून, कमरेवर हात ठेवून, पाच-सात वेळा हळूच मागे रेलावे. माय हे करते; पण बायकांच्या रांगेत एकटीने उभे राहिले की बाकीच्या पुढे निघून जातात, असेही ती सांगते. साऱ्याजणी एकदमच उभ्या राहिल्या तर कोणीच मागे पडणार नाही, हे मुकादमाला कोणी तरी पटवायला हवे.

ओझ्याचेही तेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. जुन्या क्विंटलच्या पोत्याशी हा आकडा ताडून पाहावा. पोते कोणतेही असो, ते अंगाशी घ्यावे, गुडघे व खुबे वाकवावेत, पोट कसावे आणि उचलताना कमरेतून पिळू नये.

दुखणे पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील वा बळ जात असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा बैठकीचा भाग बधिर झाला तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. साध्या दुखण्यात मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. सोसेल तितके चालावे. तीनही व्यायामांना मिळून पंधरा मिनिटे पुरतात आणि ते मुलींच्या वसतिगृहातल्या खोलीतही करता येतात.