छातीला लावायचा घरगुती बाम: प्रमाण, खर्च आणि परवान्याचा प्रश्न



थंडी पडायला लागली की आपल्या चॅनलवर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, घरी बाम करून विकला तर चालेल का?" सामान थोडं, वेळ दोन तासांचा, आणि घराघरात लागणारी वस्तू, त्यामुळे प्रश्न साहजिकच आहे. व्हिडिओत बाम करून दाखवलाच आहे. इथे प्रमाण लिहून देते आणि व्हिडिओत घाईत सांगितलेला परवान्याचा भाग सविस्तर सांगते. तो वाचल्याशिवाय डब्यांची ऑर्डर देऊ नका.

१०० ग्रॅमचं प्रमाण

खोबरेल तेल ७२ ग्रॅम, मधमाशीचं मेण १८ ग्रॅम, कापूर ५ ग्रॅम, पुदिन्याची फुलं म्हणजे मेंथॉल ३ ग्रॅम, निलगिरी तेल २ ग्रॅम. सगळं वजनावर घ्यायचं, चमच्यावर नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा नसेल तर आधी तो घ्या.

कापूर देवघरातला नको. पूजेच्या वड्या जाळण्यासाठी असतात, त्यात काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं. औषधी दर्जाचा, पाकिटावर आय.पी. लिहिलेला कापूर मागा. मेणही मधमाशीचंच हवं, मेणबत्तीचं नको.

कापूर आणि मेंथॉल कोरड्या काचेच्या बरणीत एकत्र टाका आणि हलवा. दोन्ही घट्ट पदार्थ, पण एकमेकांना लागले की थोड्या वेळात पातळ होतात. आपल्याकडची अमृतधारा याच गमतीवर होते, तिच्यात ओव्याची फुलंही असतात. पातळ झालं की त्यात निलगिरी घाला आणि झाकण लावून ठेवा.

आता एका पातेल्यात पाणी उकळा, त्यावर दुसरं भांडं ठेवून तेल आणि मेण वितळवा. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. सगळं एकजीव झालं की गॅस बंद. पुढची पायरी मी पहिल्यांदा चुकवली होती. गरम तेलातच कापूर टाकला. स्वयंपाकघरात सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, सासूबाई गॅलरीत जाऊन बसल्या आणि डबीत उतरला तो बाम नुसत्या खोबरेलाच्या वासाचा. कापूर हवेत उडून गेला होता. म्हणून मिश्रण निवू द्या, भांड्याच्या कडेला पांढुरकी साय धरायला लागली की मग बरणीतलं मिश्रण ओता, पटकन ढवळा आणि डब्यांत भरा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्या वेळी गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही पेटतं नको. आरतीत पेटतो तोच हा कापूर.

डबी काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घ्या. पातळ प्लॅस्टिकला या तेलांनी तडे जातात. बाम फार मऊ वाटला तर पुढच्या वेळी मेण दोन ग्रॅम वाढवा आणि तेल तेवढंच कमी करा. नागपूरच्या डिसेंबरात छान बसलेला बाम रत्नागिरीत ओघळू शकतो, तेव्हा जिथे वापरायचा त्या हवेत एक डबी आठवडाभर ठेवून बघा.

कोणाला लावायचा नाही

दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना काही मिनिटांत फिट्स येऊ शकतात, आणि त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही. मुलाने बाम खाल्ला असं वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. दोन ते सहा वर्षांची मुलं, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण, यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. नाकपुडीत, ओठांवर, जखमेवर लावायचा नाही. लावल्यावर शेकायचंही नाही.

आणखी एक खरी गोष्ट. या बामाने सर्दी बरी होत नाही, चोंदलेलं नाकही उघडत नाही. मेंथॉलने नाकात गार वाटतं, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. त्या वाटण्याने रात्री झोप लागते, हेही कमी नाही. पण डबीवर काय लिहायचं हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवा.

विकायचा असेल तर

मागे एका कार्यशाळेत एक मुलगी चाळीस डब्या घेऊन आली होती. सुंदर लेबल, त्यावर "सर्दी-खोकला मुळापासून गायब, बाळांसाठी १०० टक्के सुरक्षित". मी तिला विचारलं, परवाना कुठला? तिने उद्यम नोंदणीचा कागद दाखवला, आणि लोणच्यासाठी काढलेली एफएसएसएआयची नोंदणी. दोन्ही खरे, पण बामाला दोन्हींचा उपयोग नाही. उद्यम म्हणजे उद्योगाची नोंद, आणि एफएसएसएआय खाण्याच्या वस्तूंसाठी.

सर्दीवर, छातीवर असं म्हटलं की ती वस्तू औषध ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. आयुर्वेदिक औषध विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. त्यासाठी वेगळी जागा, ठरलेली स्वच्छता, पात्र तांत्रिक माणूस, नोंदवह्या लागतात. घरच्या ओट्यावर हे बसत नाही. "मग मी कॉस्मेटिक म्हणून विकते" असं तीही म्हणाली. कॉस्मेटिक बनवायलाही २०२० च्या नियमांनुसार परवाना लागतोच, आणि मग सर्दीचा शब्दही लिहिता येत नाही.

म्हणजे धंदाच नाही का? आहे, पण वाट वेगळी. ज्याच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे अशा उत्पादकाकडून बाम बनवून घ्यायचा आणि आपल्या नावाने विकायचा. लेबलवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, तारीख येते. तुमचं काम ब्रँड, गिऱ्हाईक आणि वसुली. त्याच्याकडे जाताना खालचा हिशेब सोबत न्या, म्हणजे त्याचा दर ऐकून गोंधळ होणार नाही.

२५ ग्रॅमच्या डब्या, ५०० ग्रॅमचा एक घाणा. उदाहरणासाठी कच्चा माल ३०० रुपये धरा, तुम्ही तुमच्या बाजारातले भाव टाका. हिशेबाने २० डब्या व्हायला हव्यात, पण भांड्याला चिकटून १९ च भरतात. डबी १२ रुपये, लेबल ३, म्हणजे १९ डब्यांचे २८५. दोन तासांची मजुरी २००. एकूण ७८५, डबीमागे ४१ रुपये. बघा, आतल्या बामाला जेवढा खर्च आला जवळजवळ तेवढाच डबी-लेबलला आला. यात तपासणी, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन अजून धरलेलंच नाही. त्यामुळे ५० रुपयांना विकू म्हणणाऱ्यांनी गणित पुन्हा मांडावं.

त्या मुलीने चाळीसही डब्यांची लेबलं काढली आणि कुठल्या बामात काय आहे ते हाताने लिहून नातेवाइकांत वाटल्या. लहान मुलं असलेली घरं तेवढी वगळली. हिवाळा वाया जाऊ नये म्हणून तिने चहाचा मसाला सुरू केला: सुंठ, दालचिनी, मिरी, वेलची. एफएसएसएआयच्या नोंदणीत तो पदार्थ आधी वाढवून घेतला, आणि पाकिटावर सर्दीचा उल्लेखही नाही. बामासाठी ती सध्या दोन उत्पादकांशी बोलते आहे. एक जण कमीत कमी हजार डब्यांची ऑर्डर मागतो, दुसरा पाचशेवर तयार आहे पण दर जास्त लावतो. तुम्ही तिच्या जागी असतात तर कुठला घेतला असता, हिशेबासकट कॉमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.