दाढेतली ‘चांदी’ आणि पारा

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला ‘आ’ करायला सांगून त्यांच्या दाढा नीट पाहा. एखाद्या दाढेच्या माथ्यावर करडा, धातूसारखा ठिपका दिसण्याचा संभव आहे. किडलेली दाढ कोरून तीत ‘चांदी भरली’ आहे, असे ते सांगतील. पण ही नुसती चांदी नव्हे. तिच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग पारा असतो! पारा तर विषारी. मग तो तोंडात कसा चालतो? आणि ही चांदी काढून टाकावी का? आपण क्रमाने विचार करू.

पारा उणे ३९ अंश सेल्सिअसला गोठतो. म्हणून आपल्याला तो नेहमी द्रवरूपातच दिसतो. सोने, चांदी, कथील असे अनेक धातू त्याच्यात मिसळतात. या मिश्रणाला पारदमेल किंवा अमॅल्गम म्हणतात. लोखंड मात्र त्याला सहसा दाद देत नाही. म्हणूनच पारा लोखंडी बाटल्यांत साठवतात.

चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रधातूची पूड पाऱ्याबरोबर घोटली की लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. तो दाढेच्या खड्ड्यात दाबून भरतात. काही मिनिटांतच तो घट्ट होऊ लागतो आणि एका दिवसात दगडासारखा कठीण बनतो. असे का होते? पारा वाळतो म्हणून नव्हे, तर चांदी व कथील यांच्याशी संयोग पावून त्याचे नवे, घन स्फटिक बनतात म्हणून. थर्मामीटरमधला मोकळा पारा आणि दाढेतला बांधला गेलेला पारा यांत हा मोठा फरक आहे.

तरीही वाद जुनाच आहे. १८४० साली स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स या संस्थेने ‘आम्ही पारदमेल वापरणार नाही’ अशी प्रतिज्ञा सभासदांकडून मागितली. या वादात सभासद दुरावले आणि १८५६ मध्ये संस्थाच बंद पडली! पुढे १८९० नंतरच्या दशकात जी. व्ही. ब्लॅक यांनी धातूंचे योग्य प्रमाण शोधले. त्यामुळे भरलेली चांदी नको तितकी फुगण्याची वा आकसण्याची अडचण दूर झाली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बांधलेला पारा अगदीच निसटत नाही, असे नाही. घास चावताना घर्षण होते, चहाने उष्णता मिळते आणि पाऱ्याची थोडी वाफ सुटते. ती मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी लागते. एवढ्याने अपाय होतो का? अमेरिकेत व पोर्तुगालमधील लिस्बन येथे मिळून एक हजारांहून अधिक मुलांची अनेक वर्षे पाहणी झाली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. चांदी भरलेल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा अधिक आढळला. पण स्मरणशक्ती, लक्ष, बुद्धी यांच्या चाचण्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

मग खबरदारी म्हणून ती काढून टाकली तर? इथेच खरी गोम आहे. दंतवैद्याचे कोरणी यंत्र मिनिटाला लाखो फेरे घेते. त्या घर्षणाने पारदमेल तापते, त्याची भुकटी उडते आणि जी वाफ टाळायची तीच एकदम वाढते. शिवाय थोडा चांगला दातही कोरला जातो. म्हणून सुस्थितीतील चांदी विनाकारण काढू नये, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली दिला. त्याच वेळी गरोदर स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण अशांना नव्याने शक्यतो ती भरू नये, असेही सांगितले. चांदीला तडा गेला, कड सुटली किंवा खाली पुन्हा कीड लागली, तर मात्र ती बदलावीच लागते. अशा वेळी दाताभोवती रबराचा पडदा लावतात, पाण्याचा फवारा व जोरदार शोषनळी चालू ठेवतात आणि चांदीचे शक्यतो मोठे तुकडे करून काढतात.

असे असताना जग पारदमेल सोडून का देत आहे? कारण तोंडापेक्षा सांडपाण्याची काळजी मोठी आहे. पाण्यात गेलेल्या पाऱ्यापासून सूक्ष्म जंतू मिथिल पारा तयार करतात आणि तो माशांत साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला भयंकर रोग याच मिथिल पाऱ्याचा होता. तिथे तो एका कारखान्याच्या सांडपाण्यातून थेट समुद्रात आला होता. त्या गावाचे नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात आला. भारतही त्यात आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद सोडून पारदमेल बंद केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे करारातील देशांनी २०३४ पर्यंत ते थांबवण्याचे ठरवले. आता निळ्या प्रकाशाने घट्ट होणारे दातांच्या रंगाचे रेझीन किंवा काचेची पूड मिसळलेले सिमेंट भरतात.

तेव्हा घरात कोणाच्या दाढेत जुनी चांदी असेल, तर घाबरून जाऊ नका. दंतवैद्याला ती तपासू द्या आणि निर्णयही त्यांनाच घेऊ द्या.

जाता जाता एक कोडे. चॉकलेटचा ॲल्युमिनियमचा कागद चुकून अशा दाढेखाली आला, तर झिणझिणी का येते? दोन भिन्न धातू आणि मध्ये खारट लाळ! तुमच्या पुस्तकातला विद्युत्‌घटाचा धडा उघडा, उत्तर तिथेच सापडेल.